कोनाची गो तू?

पनवेलजवळ करंजाडे किंवा वडघर भागात एखाद्या नव्या, रंगीत टाइल्स लावलेल्या घराच्या ओट्यावर आपण बसलो आहोत असं समजा. समोर सत्तरी ओलांडलेल्या आगरी आजी आहेत. त्यांचं गाव आता जागेवर नाही. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, ओवळे, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावं नवी मुंबई विमानतळासाठी उठली. उलव्याची टेकडी फोडून सपाट झाली, उलवे नदीला दुसरी वाट काढून दिली गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. आजींसमोर मानसशास्त्र शिकणारी एक मुलगी बसली आहे. गाव सुटल्यावर माणसाच्या मनात काय घडतं, हे तिला समजून घ्यायचं आहे. प्रश्नांची यादी हातात आहे, मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू झालं आहे. ती पहिला प्रश्न विचारणार, एवढ्यात आजीच विचारतात, "कोनाची गो तू?"

मुलाखत कल्पनेतली आहे, प्रश्न मात्र अगदी खरा आहे. पनवेल-उरणच्या कुठल्याही ओट्यावर तो अनोळखी मुलीची वाट पाहत असतो. आजींना मुलीचं नाव नको आहे. ही कुठल्या घरातली, कुठल्या गावची, कुणाच्या बाजूची, आणि हिच्याशी किती आणि काय बोलायचं, हे त्यांना ठरवायचं आहे. मुलीच्या उत्तरावर पुढचा तासभर ठरणार आहे. "मी सरकारी माणूस नाही" असं ती म्हणाली तर आजी एक गोष्ट सांगतील, "माझी आजीही शेतीच करायची" असं म्हणाली तर दुसरी.

मला या प्रश्नाचं फार नवल वाटतं. माणसांच्या बोलण्यातून, आठवणींतून, अनुभवांतून मनाचा शोध घेणाऱ्या गुणात्मक मानसशास्त्राने अनेक दशकांच्या खटाटोपानंतर जो प्रश्न आपल्या पद्धतीच्या मुळाशी आणून ठेवला, तो हाच आहे. फरक इतकाच, की तिथे तो संशोधकाने स्वतःला विचारायचा असतो. मी कुणाची? काय गृहीत धरून इथे आले? समोरचं माणूस माझ्याकडे पाहून काय बोलतं आणि काय गिळतं? याला रिफ्लेक्सिव्हिटी म्हणतात. मराठीत आपण संशोधकाचं आत्मभान म्हणू.

बर्लिनचा घोडा

विचारणारा नकळत उत्तरात कसा शिरतो, याचा सर्वांत देखणा पुरावा एका घोड्याने दिला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गाजत होता. बेरीज विचारा, तारीख विचारा, तो खूर आपटून अचूक आकडा सांगायचा. त्याचे मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन हे पूर्वी गणित शिकवायचे आणि आपण घोड्याला खरंच शिकवलं आहे अशी त्यांची मनोमन खात्री होती. १९०४ मध्ये तज्ज्ञांची समिती बसली. तिला कसलीही लबाडी सापडली नाही, कारण कुणी लबाडी करतच नव्हतं.

मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकाने चिकाटीने एकेक शक्यता तपासली आणि १९०७ मध्ये आपले निष्कर्ष छापले. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल तरच घोड्याचं उत्तर बरोबर यायचं. विचारणारा त्याला दिसेनासा केला, की तो चुकायचा. प्रश्न विचारून झाला की माणूस जरासा पुढे झुकायचा आणि खुरांचा आकडा बरोबर उत्तरापाशी आला की त्याची मान अगदी किंचित वर व्हायची. स्वतः त्या माणसाला याचा पत्ता नसायचा. हान्सला गणित येत नव्हतं, त्याला माणूस वाचता येत होता.

या गोष्टीतला सर्वांत थरारक भाग पुढे आहे. गुपित उलगडल्यानंतर फुंग्स्टने स्वतः घोड्यासमोर उभं राहून मान मुळीच न हलवण्याचा प्रयत्न केला. तरीही ती हलायचीच. नुसतं माहीत झाल्याने माणूस आपल्याच शरीरातून सुटत नाही.

आता पुन्हा ओट्यावर येऊ. मुलगी विचारते, "गाव सोडताना फार वाईट वाटलं असेल ना?" आजी म्हणतात, "हो, वाटला ना." या वाक्यातलं दुःख कुणाचं आहे? प्रश्नात ते आधीच वाढून ठेवलेलं होतं, आजींनी पाहुणीचा मान राखला. पुढे आजी जुन्या देवळाबद्दल बोलतात तेव्हा मुलगी "हं… हं…" करत पुढे झुकते, डोळे ओले करते. नातवाने घेतलेल्या गाडीबद्दल आजी कौतुकाने सांगू लागतात तेव्हा तिची नजर यादीतल्या पुढच्या प्रश्नावर जाते. दहा मिनिटांत आजींना कळून चुकतं, की या पोरीला देऊळ हवं आहे, गाडी नको आहे. घोड्याने मान वाचली, मग सत्तर वर्षं माणसं वाचत आलेल्या बाईला एवढं वाचता येणार नाही?

घरी जाऊन मुलगी रेकॉर्डिंग ऐकते आणि वहीत लिहिते, "आजींच्या बोलण्यात हरवलेपणाची भावना वारंवार आली." ती खोटं लिहीत नाही. पण त्या वारंवार येण्यात तिच्या प्रत्येक "हं"चा वाटा आहे, आणि तो वहीत कुठेच नाही.

मीठ पिकतं कसं

यावर पहिला विचार असा येतो, की मग संशोधकाने स्वतःला पूर्ण पुसून टाकावं. चेहरा कोरा, आवाज सपाट, प्रश्न सगळ्यांना सारखे. संख्या मोजणाऱ्या संशोधनात या शिस्तीचा मोठा उपयोग आहे. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कुणाला मिळाली हे डॉक्टरपासूनही लपवतात, ते याचसाठी. पण ओट्यावर कोऱ्या चेहऱ्याने बसलेल्या बाईशी कुणी मन मोकळं करत नाही. कोरा चेहरा हेसुद्धा एक वागणंच आहे, आणि आजी त्याचाही अर्थ लावतील. बहुधा "कचेरीतली दिसते" असा.

१९८१ मध्ये ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ अ‍ॅन ओकली यांनी हाच अनुभव मांडला. पहिल्यांदा आई होणाऱ्या बायकांच्या त्या मुलाखती घेत होत्या आणि त्या बायका त्यांनाच प्रश्न विचारत होत्या. पाठ्यपुस्तकांचा सल्ला होता, की उत्तर टाळावं. बाळंतपणाच्या काळजीत असलेल्या बाईला उत्तर न देणं ओकलींना माणुसकीला धरून वाटलं नाही आणि संशोधनालाही. त्यांनी उत्तरं दिली, नातं जुळू दिलं, आणि तसं केल्याचं स्वच्छ लिहून ठेवलं.

संशोधक पुसला जात नसेल तर मग सापडतं ते नेमकं काय असतं? याचं उत्तर मला पनवेल-उरणच्या खाडीकाठावर दिसतं. आगरी हे नावच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आलं असं सांगतात. मीठ समुद्राच्या पाण्यात असतंच, ते आगरी माणसाने निर्माण केलेलं नसतं. तरीही नुसत्या समुद्राकडे पाहून मीठ मिळत नाही. बांध घालायचा, भरतीचं पाणी आत घ्यायचं, कोंड्याकोंड्यांतून फिरवायचं, ऊन खाऊ द्यायचं, मग ते ओढून गोळा करायचं. म्हणून आपण मीठ पिकवतो म्हणतो. मुलाखतींतून निघणारा अर्थही असाच पिकतो. खारेपणा आजींच्या आयुष्यातला आहे. बांध कुठे घातला, पाणी किती वेळ थांबवलं, हे संशोधकाचं काम आहे. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क या दोघींची मुलाखतींतली सूत्रं शोधण्याची रीत २००६ पासून जगभर वापरली जाते. त्या नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवतात. सूत्रं आपोआप 'वर येत' नाहीत, संशोधक ती घडवतो, तेव्हा कशी घडवली हे त्याने दाखवावं.

हे दाखवायचं तर बांध दोन ठिकाणी तपासावा लागतो. ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ कार्ला विलिग यांनी २००१ मधल्या आपल्या पुस्तकात आत्मभानाचे असेच दोन पदर सांगितले आहेत. पहिला व्यक्तिगत, म्हणजे माझं वय, घर, जात, राजकारण, जखमा आणि आवडीनिवडी यांनी हे संशोधन कसं घडवलं. दुसरा पदर ज्ञानाच्या रीतीचा, म्हणजे मी प्रश्नच असा का मांडला आणि त्यामुळे काय दिसणं अशक्य झालं.

दुसरा पदर समजायला मुलीच्या प्रबंधाचं शीर्षक पाहा, 'प्रकल्पग्रस्तांचा मानसिक आघात'. शीर्षकातच बांध पक्का घातला गेला आहे. ज्याला 'ग्रस्त' म्हटलं त्याच्या आयुष्यात आघात सापडणारच. पण आजींच्या मनात एकाच वेळी जुन्या देवळाची हुरहुर असेल, नव्या घराचा अभिमान असेल, विमानतळाला गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबावीस टक्क्यांच्या भूखंडावरून दोन मुलांत पडलेल्या फुटीची बोच असेल आणि लढून मिळवल्याची ताठ मानही असेल. ही शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या जमिनीसाठीच्या लढ्यात वाढलेली माणसं आहेत. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची वाट उघडली. 'आघात' या एका शब्दाच्या कोंडीत हे सगळं पाणी मावत नाही.

आणि पहिला पदर? मुलगी खारघरला चौदाव्या मजल्यावर राहते असं समजा. नवी मुंबई वसवणारी सिडको ही सरकारी संस्था १९७० मध्ये स्थापन झाली आणि या शहरासाठी ठाणे-रायगड पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. मुलीचं घर ज्या जमिनीवर उभं आहे तिथे तिच्या जन्माआधी भात लावला जात होता. आजींचं माहेर नेमकं खारघरच्याच एखाद्या गावातलं निघालं तर? "कोनाची गो तू?" या प्रश्नाचं एक खरं उत्तर मग असंही निघतं, की आजी, तुमच्या बापाच्या शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीतली मी. मुलीला ही लाज मिरवायची नाही आणि लपवायचीही नाही. आजींच्या तोंडून दुःखच ऐकण्याची तिला एवढी ओढ का आहे, याचा धागा कदाचित इथेच आहे.

दिंडीतला प्रश्न

हे सगळं परदेशी पुस्तकांतून आलेलं नवं खूळ आहे असं वाटत असेल, तर इरावती कर्व्यांकडे वळावं लागेल. त्या मानववंशशास्त्रज्ञ. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला, तिथल्या इरावती नदीवरून नाव ठेवलेलं. हान्स घोड्याच्या प्रयोगांनंतर वीसेक वर्षांनी त्याच बर्लिनमध्ये त्या ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होत्या. वंशांच्या उच्चनीचतेवर श्रद्धा असलेले फिशर पुढे नाझींच्या वंशविज्ञानाचे मोठे आधार ठरले. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी असते आणि तिचा त्यांच्या बुद्धीशी संबंध असतो, अशी कल्पना तपासण्याचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही असं गुरूला लिहून दिलं. विचारणाऱ्याची मान कुठे हलते आहे हे त्यांना दिसत होतं, आणि खूर त्या इशाऱ्यावर थांबला नाही.

पुढे १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. आषाढीच्या वारीत दिंडीबरोबर त्या पंढरपूरला चालत गेल्या आणि तो अनुभव 'वाटचाल' या लेखात लिहिला. 'परिपूर्ती' या १९४९ मधल्या संग्रहात तो आहे, आणि १९६२ मध्ये त्याचं इंग्रजी रूप अमेरिकेतल्या आशियाविषयक संशोधनपत्रिकेत छापून आलं.

त्या लेखात कितीतरी आहे, पण एक प्रसंग मला गुणात्मक संशोधनाच्या प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी सांगावासा वाटतो. दिंडीत ब्राह्मण बायका आणि मराठा बायका दिवसभर एकत्र चालत, एकच अभंग म्हणत, पण जेवायला वेगळ्या बसत. इरावतीबाईंना हे सलत होतं. त्या दोन्हीकडे जेवू लागल्या. ते कळल्यावर मराठा बायका त्यांच्या जवळ आल्या, हात धरून चालू लागल्या, घरच्या गोष्टी सांगू लागल्या, त्यांना ताई म्हणू लागल्या. शेवटी शेवटी काही जणी म्हणाल्या, आम्ही पुण्याला तुमच्या घरी येऊ. त्यावर एका तरुण मुलीने विचारलं, की आज आमच्याशी जशा वागता तशाच तेव्हाही वागाल का?

इरावतीबाईंच्या काळजाला तो प्रश्न भिडला आणि त्यांनी तो छापला. हजारो वर्षं शेजारी राहूनही आपण एकमेकांचे झालो नाही, ही जाणीव त्यांनी मोकळेपणाने वाचकापुढे ठेवली. त्या तिथे निरीक्षण करायला गेल्या होत्या, आणि एका मुलीने एका वाक्यात निरीक्षण त्यांच्याकडे वळवलं. समाजाच्या भेगेबद्दल त्या लेखातला सर्वांत नेमका पुरावा त्या क्षणी हाती आला, कारण ती भेग स्वतः अभ्यासक बाईच्या पायाखालून गेली होती.

याच संग्रहाला नाव देणारा 'परिपूर्ती' हा लेखही ओळखीबद्दलच आहे. एका समारंभात त्यांची ओळख अमक्यांची मुलगी, महर्षी कर्व्यांची सून, अमक्यांची पत्नी अशी करून दिली जाते आणि काहीतरी राहून गेल्याची हुरहुर लागते. मग रस्त्यात शाळेतली मुलं आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवतात आणि ओळख पुरी होते. आगरी आजीचा प्रश्न त्यांनी आयुष्यभर ऐकला होता, आणि त्यांच्या लेखणीने त्याला टाळलं नाही.

वहीतलं आणि छापलेलं

युरोपात या कबुलीला वेळ लागला. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की हे पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर राहून लोकांमध्ये मिसळून अभ्यास करण्याची रीत रुजवणारे मोठे अभ्यासक. १९४२ मध्ये ते वारले. १९६७ मध्ये त्यांची खासगी रोजनिशी छापली गेली आणि अभ्यासक हादरले. ग्रंथांत समजूतदारपणे बेटावरच्या लोकांबद्दल लिहिणारा हा माणूस रोजनिशीत त्यांच्यावर चिडत होता, कंटाळत होता, तुच्छतेने लिहीत होता. इरावतीबाईंनी आपली अस्वस्थता १८ वर्षं आधी लेखातच लिहिली होती, म्हणून त्यांच्यामागे असा धक्का उरला नाही.

योगायोग असा, की त्याच १९६७ मध्ये जॉर्ज डेव्हरू यांचं एक पुस्तक आलं. ते मानववंशशास्त्रज्ञ होते आणि मनोविश्लेषकही. समोरच्याचं बोलणं ऐकताना संशोधकाला जी भीती, चीड, कंटाळा किंवा माया दाटून येते ती दूर सारू नये, असं त्यांनी मांडलं. ती नीट वाचली तर समोरच्याबद्दल कळतं, आणि लपवली तर ती पद्धतीचा मुखवटा घालून निष्कर्षांत शिरते.

हे वाचलं की गाडीच्या गोष्टीवर मुलीने नजर का वळवली, हे पुन्हा पाहावंसं वाटतं. तिने त्या रात्री वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, "भूखंड आणि पैशाचं बोलणं आलं की मला कंटाळा येतो." आणखी दोन दिवसांनी खाली लिहिलं, "मला आजी गरीब आणि निरागस हव्या आहेत का?" ज्या क्षणी हे दुसरं वाक्य कागदावर उतरलं, त्या क्षणी तिच्या संशोधनाला दुसरा डोळा फुटला. पुढच्या खेपेला ती गाडीबद्दल विचारेल.

मुलगी आगरीच असती तर हे प्रश्न सुटले असते का? तेही नाही. तिच्या सविस्तर प्रश्नाला आजी म्हणाल्या असत्या, "तुला ठावं नाय का?" आणि जे सांगायचं ते दोघींच्या ओळखीच्या मौनात राहून गेलं असतं. शिवाय ती कुठल्या भावकीतली, हे ऐकून भूखंडाच्या वादाचा विषय आजींनी मिटूनच टाकला असता. मुंबईत वाढलेल्या किरीन नारायण यांनी नाशिकच्या एका साधूच्या कथाकथनावर अभ्यास केला. १९९३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की 'आतला' आणि 'बाहेरचा' अशी सरळ फाळणी होत नाही. एकाच माणसात आतलेपणाचे आणि बाहेरचेपणाचे अनेक धागे असतात, आणि कोणता कधी ताणला जाईल हे प्रसंग ठरवतो.

रोजचं काम

आत्मभान ही प्रबंधाच्या शेवटी जोडायची कबुलीजबाबाची पुरवणी नव्हे. ते रोजचं, हाताने करायचं काम आहे. मुलाखतीला निघण्याआधी मला काय ऐकायला मिळेल असं वाटतं, ते लिहून ठेवायचं. तिथून आल्यावर, झोपण्यापूर्वी, आपल्याला कुठे भरून आलं आणि कुठे घड्याळाकडे पाहिलं ते लिहायचं. रेकॉर्डिंग उतरवून काढताना आपलेही शब्द, "हं", "अरेरे" आणि थांबणं टिपायचं. "वाईट वाटलं असेल ना?" याच्या जागी "घर सोडलं तो दिवस कसा होता?" असं विचारून पाहायचं. आपण लावलेला अर्थ सहकाऱ्याला दाखवायचा आणि जमेल तिथे सांगणाऱ्या माणसालाही. प्रत्येक टप्प्यावर निर्णय का बदलला याची नोंद ठेवायची.

याला एक मर्यादा पाळावी लागते. आरशात बघता बघता संशोधक स्वतःच्याच प्रेमात पडू शकतो. प्रबंधाची पन्नास पानं त्याच्या घालमेलीने भरतात आणि आजींना दोन परिच्छेद उरतात. आत्मभान असतं ते आजी अधिक स्पष्ट दिसाव्यात म्हणून. फुंग्स्टला स्वतःची मान थांबवता आली नाही, पण ती कधी हलते हे त्याने मोजलं, आणि त्यामुळेच त्याला घोडा खऱ्या अर्थाने कळला. गणित करणाऱ्या घोड्यापेक्षा माणसाच्या मानेची सूक्ष्म लकब वाचणारा घोडा किती तरी अधिक अद्भुत आहे!

ओट्यावरची मुलगी आता काय करेल? आजींच्या प्रश्नाला ती सरळ उत्तर देईल. खारघरला राहते, आईबाप साताऱ्याकडचे, शिकते आहे, विमानतळात उठलेल्या गावांबद्दल मला काही माहीत नाही आणि तुमच्याकडून ऐकायचं आहे. आजी थोडा वेळ तिच्याकडे पाहतील. खारघर म्हटल्यावर माहेराच्या शेताची गोष्ट निघेल किंवा निघणारही नाही. जे निघेल त्यात ती मुलगी असेल, आणि ती कुठे आहे हे तिच्या वहीत लिहिलेलं असेल.

निघताना आजी बहुधा विचारतील, परत कधी येशील? दिंडीतल्या त्या मुलीने इरावतीबाईंना जे विचारलं होतं, ते यात पुन्हा आहे. याचं उत्तर प्रबंधात देता येत नाही. ते द्यायला पुन्हा पनवेलची गाडी पकडावी लागते.